घरच्या बागेत गरवी गोड चेरी: आधी जाळी, मग झाड

माझं पहिलं चेरीचं झाड दुसऱ्या उन्हाळ्यात मेलं. दुसरं जगलं, पण इतकं माजलं की फळं शेंड्याला आणि मी शिडीवर, खाल्ली पक्ष्यांनी. तिसरं माझ्या डोक्याच्या हातभर वर जातं आणि त्याची फळं मी जमिनीवर उभी राहून तोडते. पहिल्या दोन झाडांनी जे शिकवलं ते खाली क्रमाने लिहिते आहे.

आधी ‘गरवी’ म्हणजे काय ते. लवकर पिकणाऱ्या हळव्या जाती फुलल्यापासून साधारण दोन महिन्यांत तयार होतात, गरव्यांना तीन महिन्यांच्या आसपास लागतात. फळ बहुधा मोठं, घट्ट आणि चांगलं टिकणारं असतं, आणि बाकीच्या चेऱ्या संपल्यावर येतं. त्याची किंमतही तशीच मोजावी लागते. जे फळ जास्त दिवस झाडावर लटकतं, त्याच्यावर जास्त पाऊस पडतो, ते जास्त पक्ष्यांना दिसतं आणि त्याला माश्यांची जास्त पिलावळ भेटते. म्हणून रोप निवडायच्या आधीच एक प्रश्न विचारा: हे झाड मला एकट्याने जाळीने झाकता येईल का? पुढचं सगळं या उत्तरावरून ठरतं.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. उशिरा पिकणारी जात उशिराच फुलते असं नाही. स्वीटहार्ट ही जात पिकते अगदी शेवटी, पण फुलते लवकर. वसंतात कडाका परत येणाऱ्या जागी ‘गरवी आहे, थंडीतून सुटेल’ या भरवशावर राहू नका.

१. तुमच्याकडे पुरेशी थंडी आहे का?

गोड चेरीला हिवाळ्यात झोप हवी असते. बहुतेक जातींना ७ अंश सेल्सिअसच्या खालचे साधारण ७०० ते १००० तास हवेत. ते मिळाले नाहीत तर फांदीवरचे डोळे (अंकुर) वेडेवाकडे फुटतात, फुलं विरळ येतात आणि फळ धरत नाही. कमी थंडीवर भागणाऱ्या काही जाती आहेत, पण जिथे हिवाळ्यात पानगळच होत नाही तिथे त्याही तग धरत नाहीत. रोप आणून, खतं घालून, पाच वर्षं वाट पाहून हे कळण्यापेक्षा आपल्या भागातले हिवाळ्याचे आकडे आधी काढा. यावर खत नाही, औषध नाही.

दुसरा आकडा फुलांचा. पूर्ण उमललेल्या फुलांना उणे २ अंशांच्या आसपास फटका बसू लागतो. उणे ४ पर्यंत पारा गेला तर जवळपास सगळा बहार जातो. थंड हवा पाण्यासारखी उतारावरून वाहत खोलगट जागी साचते. बागेतला सगळ्यात खालचा कोपरा रिकामा दिसतो म्हणून झाड तिथे लावू नका.

२. खुंट निवडा, कारण उंची खुंट ठरवतो

चेरी नेहमी कलमी घ्या. वरची जात फळ देते, खालचा खुंट झाडाचा आकार ठरवतो. आपण सगळे रोपाच्या चिठ्ठीवर जातीचं नाव वाचतो आणि खुंटाचं नाव विचारत नाही. माझं दुसरं झाड शेंड्याला गेलं ते याच कारणाने.

मॅझर्ड म्हणजे जंगली गोड चेरीचा खुंट. झाड आठ-दहा मीटर किंवा त्याहून उंच जातं आणि फळाला पाच ते सात वर्षं लावतं. घरच्या बागेत याच्या वाटेला जाऊ नका.

कोल्ट हा इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्राचा खुंट. मॅझर्डपेक्षा लहान, पण छाटला नाही तर पाच मीटर किंवा त्याहूनही वर जाणारा. भिंतीलगत पंख्यासारखं पसरवायला चांगला.

गिसेला ५ जर्मनीतल्या गीसेनचा. झाड मोठ्या खुंटाच्या जेमतेम निम्मं होतं, अडीच-तीन मीटरवर आवरता येतं आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ दाखवतं. माझं तिसरं झाड यावरच आहे. याचे लाड मात्र करावे लागतात: माती चांगली हवी, पाणी नियमित हवं, आधाराची काठी कायमची हवी. शिवाय हा खुंट फळं इतकी धरतो की छाटणीत हात आखडला तर सगळी बोराएवढी राहतात. माती हलकी असेल तर थोडा जोमदार गिसेला ६ घ्या.

३. जात निवडा, आणि तिला जोडीदार लागतो का ते पाहा

बहुतेक गोड चेऱ्यांना स्वतःचा पराग चालत नाही. दुसरी जात हवी, ती त्याच सुमारास फुलायला हवी आणि पराग जुळणारा हवा. ही तिसरी अट लोक विसरतात. बिंग, लँबर्ट आणि नेपोलियन या तिन्ही जाती शेजारी शेजारी लावल्या तरी एकमेकींना फळवत नाहीत, कारण त्यांचा पराग एकाच गटातला आहे.

एकच झाड लावायचं असेल तर स्वपरागी जात घ्या. कॅनडातल्या समरलँड संशोधन केंद्राने १९६८ साली स्टेला ही स्वपरागी जात आणली आणि पुढच्या बऱ्याच स्वपरागी गरव्या जाती तिथूनच आल्या. लॅपिन्स बिंगच्या मागून दीड-दोन आठवड्यांनी पिकते. नव्याने लावणाऱ्याला मी हीच सुचवेन. स्वीटहार्ट तिच्याही नंतर येते, भरपूर धरते, आणि म्हणूनच विरळणी मागते. स्टॅकॅटो स्वीटहार्टच्याही मागून. स्कीना मोठ्या, काळपट, घट्ट फळांची.

दोन झाडांना जागा असेल तर जर्मनीची रेजिना आणि चेक प्रजासत्ताकाची कोर्डिया ही जुनी, जमलेली जोडी आहे. दोघी उशिरा फुलतात. रेजिना फार उशिरा पिकते आणि पावसात इतरांपेक्षा कमी तडकते. माझ्याकडे जागा असती तर मी हीच जोडी लावली असती.

४. जागा आणि माती

दिवसाला सहा-आठ तास थेट ऊन, आणि पाण्याचा निचरा. निचऱ्यावर अडून बसा. माझं पहिलं झाड मेलं ते पाण्यावाचून नव्हे, पाण्यात उभं राहून. पानं कोमेजलेली दिसली की मी आणखी पाणी घालत होते. उपटून पाहिलं तेव्हा मुळांची साल बोटाने सरकन निघाली आणि आंबूस वास आला.

चाचणी सोपी आहे. हातभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या आणि परत भरा. दुसऱ्या वेळचं पाणी काही तासांत उतरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही साचलेलं दिसलं तर जागा बदला, नाहीतर गुडघ्याएवढा उंचवटा करून त्यावर झाड लावा. चिकण मातीत खड्ड्याच्या तळाला खडी घालून काही साधत नाही. पाणी त्या खडीतच साचून राहतं.

मातीचा सामू (pH) ६ ते ७ च्या दरम्यान असावा. टोमॅटो, बटाटा, वांगी किंवा स्ट्रॉबेरी जिथे नुकती होती ती जागा टाळा. या पिकांवरची मर रोगाची व्हर्टिसिलियम बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते आणि चेरीलाही धरते. जुनी चेरी काढलेल्या जागीही नवी लावू नका. गिसेला ५ ला अडीच-तीन मीटर, कोल्टला चार-पाच मीटर अंतर सोडा.

५. साहित्य

कुदळ, फावडं, धारदार सिकेटर (छाटणीची कात्री) आणि लहान करवत. पात्याला पुसायला स्पिरिट. दोन मीटरची मजबूत काठी, रुंद मऊ पट्टी (सुतळी नको, ती सालीत रुतते). आच्छादनाला लाकडाचा भुसा किंवा वाळलेली पानं. डझनभर कपड्यांचे चिमटे. त्यांचं काम पुढे येईल. आणि बारीक विणीची कीटकजाळी, जिची भोकं एक मिलिमीटरहून मोठी नाहीत. ती झाडावरून खाली येऊन जमिनीवर हातभर पसरेल एवढी घ्या. पक्ष्यांसाठीची मोठ्या भोकांची जाळी स्वस्त पडते म्हणून मी आधी ती घेतली होती. माश्यांनी तिची दखलही घेतली नाही.

६. लावणी

झाड झोपेत असताना, माती गोठलेली नसताना आणि वाफसा असताना लावा. उघड्या मुळांचं रोप आणलं तर मुळं क्षणभरही उन्हावाऱ्यात ठेवू नका. लावायच्या आधी तास-दोन तास बादलीत भिजू द्या. तुटकी मुळं साफ कापा.

खड्डा मुळांच्या दुप्पट रुंद, पण मुळांएवढाच खोल. काठी आधी ठोका, मग झाड ठेवा, म्हणजे मुळात काठी घुसत नाही. कलमाचा जोड जमिनीच्या चार बोटं तरी वर राहिला पाहिजे. तो गाडला गेला तर वरच्या जातीला स्वतःची मुळं फुटतात आणि बुटका खुंट घेण्याचा सगळा फायदा जातो. खोल खणलेल्या खड्ड्यात झाड नंतर खचतं आणि जोड आपोआप खाली जातो, म्हणूनच खोल खणू नका.

काढलेलीच माती परत भरा. खड्ड्यात रासायनिक खत किंवा कच्चं शेणखत घालू नका, कोवळी मुळं जळतात. पायाने हलकं दाबा, आळं करा, एक-दोन बादल्या पाणी द्या. आच्छादन खोडापासून वीतभर अंतर सोडून घाला. खोडाला चिकटलं तर साल कुजते आणि उंदरांना आयता आडोसा मिळतो.

७. पहिली तीन वर्षं

सरळ काठीसारखं रोप असेल तर डोळे फुगू लागताना, कोरड्या दिवशी, गुडघ्याच्या वीतभर वर शेंडा कापा. मन धजत नाही, ठाऊक आहे. पण न कापलेली चेरी झेंड्याच्या काठीसारखी वर जाते आणि फांद्या टोकाला फुटतात.

नवे फुटवे बोटभर लांब झाले की चिमट्यांचं काम सुरू होतं. चेरीचा फुटवा खोडाला बिलगून वर जाऊ पाहतो, आणि असा अरुंद बेचका पुढे फळांच्या भाराने चिरतो. कपड्यांचा चिमटा खोडाला असा लावा की त्याचं मागचं टोक फुटव्याला आडवं रेटेल. फुटवा कोवळा असताना हे दोन मिनिटांचं काम आहे. महिन्याभरात तो कोन लाकडात बसतो आणि चिमटा काढता येतो. वेळ चुकली की पुढच्या वर्षी तीच फांदी दोरीने ओढत बसावं लागतं. आडवी फांदी लवकर फळते, हा वरचा लाभ.

चारही बाजूंना चार-पाच फांद्या ठेवा, बाकीच्या काढा.

८. पाणी आणि खत

पाणी एकसारखं हवं. आठवडाभर कोरडं आणि मग एकदम भरपूर, असं केलंत तर पिकणारं फळ आतून फुगून तडकतं. बोट दोन पेरं मातीत घालून पाहा. कोरडं लागलं तर खोलवर पाणी द्या. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा भरपूर बरं.

खताचा अतिरेक चेरीला भोवतो. वसंतात चांगलं कुजलेलं कंपोस्ट पुरतं. नवी वाढ वर्षाला हात-दीड हात होत असेल तर नत्राला हात लावू नका. माजलेल्या मऊ फांद्यांवर मावा बसतो आणि कँकर (साल मारणारा जिवाणूंचा रोग) शिरतो.

९. शेवटचे तीन आठवडे

झाड दोन-तीन आठवडे सांभाळायचं असतं, बाकी वर्षभर ते स्वतःला सांभाळतं, असं मी अर्ध्या थट्टेत म्हणते. गरव्या चेरीत त्या आठवड्यांत तीन पाहुणे येतात.

पाऊस. फळात साखर भरली की पावसाचं पाणी पातळ सालीतून आत शिरतं. देठाच्या खळगीत आणि फळाच्या टोकाला थेंब अडकून राहतो, म्हणून चीर बहुधा तिथून सुरू होते. एका रात्रीच्या सरीनंतर सकाळी मी गेले तर अर्ध्या फळांच्या देठाभोवती चंद्रकोरीसारख्या चिरा पडल्या होत्या, आणि तिसऱ्या दिवशी त्यांत राखाडी बुरशी. मोठ्या बागांत पाऊस थांबल्यावर झाडांवरून हेलिकॉप्टर फिरवतात, नुसतं पाणी उडवायला! आपण फांद्या हाताने हलकेच झटकायच्या. त्याहून चांगलं म्हणजे फळ हिरव्याचं पिवळट झालं की वर पारदर्शक प्लास्टिकचं छत आणि बाजू उघड्या. बाजू बंद केल्या तर आत दमटपणा साठतो आणि कूज वाढते. तीन मीटरच्या झाडावर हे दोन माणसं तासाभरात करतात, आठ मीटरच्या झाडावर कुणीच करत नाही.

माशी. दोन वेगळ्या माश्या आहेत आणि दोघींचं वागणं वेगळं. चेरीची फळमाशी वर्षाला एक पिढी काढते. अळी फळातून खाली पडते, झाडाखालच्या मातीत कोष करते आणि पुढच्या वर्षी वर येते. तिला पिवळे चिकट सापळे आणि झाडाखाली अंथरलेलं कापड अडवतं. दुसरी ठिपक्यांच्या पंखांची ड्रॉसोफिला, म्हणजे चिलटाच्याच कुळातली बारीक माशी, मूळची पूर्व आशियातली, २००८ मध्ये अमेरिकेत आणि युरोपात सापडली. साधी चिलटं सडक्या फळावर बसतात, पण हिच्या मादीकडे करवतीसारखा अंडी घालायचा अवयव असतो आणि ती पिकत आलेल्या धडधाकट फळाची साल कापते. उष्ण दिवसांत दोन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. हळव्या जाती तिची संख्या वाढायच्या आत तोडून होतात. आपली चेरी नेमकी भर गर्दीत पिकते.

इथे बारीक जाळी कामी येते. फुलं पूर्ण गळून फळं धरली की, आणि रंग बदलायच्या आधी, ती चढवा. फुलांवर चढवलीत तर मधमाश्या बाहेर आणि फळ शून्य. खालची कड दगडांनी किंवा मातीने दाबा. बंद करायच्या आधी पानं उलटून काळा मावा आहे का पाहा; आत अडकलेल्या माव्याला खाणारे ढालकिडे बाहेर राहतात आणि आठवड्यात शेंडे वळून जातात. मी हे एकदा विसरले आणि जाळीच्या आत माव्याचं पाळणाघर उघडलं.

फळांत अळी आहे का हे बघायला मूठभर चेऱ्या हलक्या चेपून मिठाच्या पाण्यात टाका: लिटरभर पाण्याला चार मोठे चमचे मीठ, पाव तास. अळ्या असतील तर बाहेर येऊन तरंगतात. खाली पडलेली फळं रोज वेचा, पण खतात टाकू नका. पारदर्शक पिशवीत बांधून काही दिवस कडक उन्हात ठेवा.

पक्षी. हीच जाळी त्यांनाही अडवते. फक्त ती ताणलेली ठेवा. लोंबणाऱ्या सैल जाळीत पक्षी आणि साप गुरफटून मरतात. दिवसातून एकदा फेरी मारा.

१०. तोडणी

चेरी तोडल्यावर पिकत नाही. लाल दिसली म्हणून तोडलीत तर जी गोडी आहे तेवढीच मिळते. लॅपिन्स लाल झाल्यावरही आंबट असते, ती गडद होईपर्यंत थांबा. झाडाच्या निरनिराळ्या बाजूंची दोन-चार फळं खाऊन पाहा, याहून चांगलं यंत्र मला सापडलेलं नाही.

सकाळच्या गारव्यात, देठासकट तोडा. देठाचं वरचं टोक चिमटीत धरून किंचित पिळत वर उचला. देठ जिथे जोडलेला असतो तो गाठीसारखा आखूड भाग म्हणजे स्पर. तो अनेक वर्षं फळतो. ओढून तोडलंत तर स्परही हातात येतो आणि पुढच्या वर्षांची फळं तिथेच संपतात. फळं धुवायची ती खाण्याच्या वेळी. न धुता फ्रिजमध्ये आठवडा-दीड आठवडा टिकतात.

लहान मुलं असतील तर बी फोडून चावू देऊ नका, त्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. छाटलेल्या फांद्यांची कोमेजलेली पानं जनावरांपुढे टाकणंही त्याच कारणाने धोक्याचं.

११. तोडणीनंतर

बाकी फळझाडं हिवाळ्यात छाटतात म्हणून चेरीही तेव्हा छाटायची, ही सगळ्यात महागात पडणारी सवय. थंड, ओल्या दिवसांत ताज्या जखमेतून कँकरचे जिवाणू आणि सिल्व्हर लीफची (पानं रुपेरी करणाऱ्या रोगाची) बुरशी आत शिरते. तोडणी झाली की दोन-तीन कोरड्या दिवसांचा अंदाज पाहून छाटा. मेलेलं, एकमेकांवर घासणारं आणि आत वळलेलं लाकूड काढा. उंची हाताच्या टप्प्यात आणा. गिसेलावर जुन्या फांद्यांपैकी एक-दोन दरवर्षी आखूड करून नवं लाकूड येऊ द्या. फांदीतून डिंक गळताना दिसला तर खाली निरोगी लाकडापर्यंत कापा आणि दर कापानंतर पातं पुसा.

फळं संपली म्हणून पाणी तोडू नका. पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे याच दिवसांत बनतात. या काळात झाड कडक उन्हात तापलं तर पुढच्या हंगामात एकाच देठावर चिकटलेली जुळी फळं जास्त दिसतात. झाडावर सुकून राहिलेली सुरकुतलेली फळं एकेक करून काढा, तपकिरी कूज त्यांच्यातच हिवाळा काढते.

आणि जाळी धुऊन, वाळवून, घडी घालण्याआधी उजेडासमोर धरून पाहा. माझ्या जाळीला या वेळी अंगठा जाईल एवढं एक भोक सापडलं. गुडघ्याच्या उंचीवर, नेमकं दाराच्या बाजूला. शिवून ठेवलंय.